तुम्हाला काय चालेल?

पन्नाशी जवळ आली की शरीर हळूहळू आपले हिशेब मांडू लागते. कुणाचे गुडघे कुरकुरू लागतात, कुणाच्या चष्म्याचा नंबर वाढतो, कुणाच्या ताटातले मीठ कमी होते, तर कुणाच्या चहातली साखर. हे सारे आपण हसतखेळत सोसतो, कारण घरच्या स्वयंपाकघरात त्यावर काही ना काही तोडगा निघतो. खरी कसोटी लागते ती घराचा उंबरठा ओलांडल्यावर. प्रवासात माणसाला भूक लागते आणि ती परक्या हातांनी रांधलेल्या अन्नावर भागवावी लागते. ते अन्नच आपल्या शरीराला मानवत नसेल, तर साधा प्रवासही वेगळे रूप धारण करतो.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, माझ्या ताटातून गहू हद्दपार झाला. त्याआधी दोन वर्षे माझ्या रक्तातले हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नव्हते. लोहाच्या गोळ्या संपत होत्या, पण अंबरनाथ स्टेशनचा जिना चढताना लागणारी धाप संपत नव्हती. अखेरीस रक्ताची एक विशेष तपासणी झाली, मग दुर्बिणीद्वारे लहान आतड्याचा कण काढून तो तपासण्यात आला आणि आजाराला नाव मिळाले : सिलिअॅक. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिली नाही. ते एवढेच म्हणाले, "गहू बंद. जव बंद. आजपासून आयुष्यभर."

वाचकहो, या आजाराची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे, कारण पुष्कळांना ही अॅलर्जी वाटते आणि काहींना तर निव्वळ नखरा. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो याच ग्लूटेनमुळे. सिलिअॅकच्या रुग्णाने ते खाल्ले की त्याच्या शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी जी सूक्ष्म लव असते, ती झडू लागते. अन्नातील सत्त्व शोषून घेणे हे त्या लवेचे काम. ती झडली की पोटभर जेवणारा माणूसही आतून उपाशी राहतो. दुधातील साखर पचवणारा पाचकरसही तिथेच तयार होत असल्यामुळे अशा रुग्णाला काही काळ दूधही सोसत नाही. गहू पूर्ण थांबला की आतडे हळूहळू भरून येते आणि बहुतेकांना दूध पुन्हा पचू लागते. मला चहात दूध घालण्याइतकी मोकळीक सात-आठ महिन्यांनी मिळाली. गव्हाला मात्र क्षमा नाही. चिमूटभर पीठही पुरे होते.

या दुखण्याचा संबंध गव्हाशी आहे हे उमगले, त्याची हकिगत चटका लावणारी आहे. विलेम डिक नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला १९३० च्या दशकापासून तशी शंका होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १९४४-४५ साली, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. सारा देश खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारत असल्याचे डिक यांना दिसले; पुढे पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडू लागली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. एके काळी हा बालवयातला आजार समजला जाई. आता तो कोणत्याही वयात डोके वर काढू शकतो हे ठाऊक झाले आहे. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो आणि त्यांतील अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. रुग्णाच्या आईवडिलांना, भावंडांना व मुलांना त्याचा धोका अधिक असल्याने त्यांनीही रक्त तपासून घ्यावे असे डॉक्टर सांगतात.

माझी आजी वसईची. तिच्या घरी न्याहारीला तांदळाची भाकरी आणि दुपारी भात असे. गहू हे तिच्या दृष्टीने सणाचे धान्य होते. १९५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारानंतर जहाजे भरभरून गहू आपल्या देशात येऊ लागला, रेशनच्या दुकानांतून तो घरोघरी पोहोचला आणि भातखाऊ घरांच्या ताटातही पोळी रुळली. तेव्हा घरी परतणे मला कठीण गेले नाही. मी आजीच्या ताटाकडे परतलो, इतकेच. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, मासळीचे कालवण : यांत उणे काय आहे? अडचण सुरू झाली ती बाहेर.

बाहेर गहू वेषांतर करून हिंडतो. रव्यात घोळवून तळलेल्या बोंबलात तो असतो. सोया सॉसमध्ये असतो. बाजारातल्या हिंगाच्या डबीतही बहुधा असतो, कारण शुद्ध हिंग फार उग्र म्हणून त्यात पीठ मिसळतात. वडा बेसनाचा खरा, पण ज्या कढईत समोसे तळले तिच्यातच तो पोहून निघालेला असतो. या सगळ्याची चौकशी करायची म्हणजे गर्दीच्या वेळी, मागे दहा माणसे उभी असताना, दुकानदाराला त्याच्या तेलाबद्दल विचारायचे. अशा प्रवाशाला भुकेपेक्षा या विचारण्याचे ओझे अधिक जड वाटते. आपण इतरांचा खोळंबा करतो आहोत, आपण कुणीतरी विशेष असल्याचा आव आणतो आहोत, असे मनाला वाटत राहते. चाळिशी-पन्नाशीपर्यंत जो माणूस "मला काहीही चालते" हे अभिमानाने सांगत आला, त्याला या वयात मागायला शिकावे लागते.

माझा रोजचा प्रवास अंबरनाथहून उल्हासनगरला कचेरीत आणि महिन्यातून दोन-तीन वेळा बदलापूरला थोरल्या बहिणीकडे. कल्याण-कर्जत मार्गावरील ही तीन लागोपाठची स्टेशने. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटे. पण ताटाच्या दृष्टीने पाहिले तर ही तीन वेगळी मुलखे आहेत.

उल्हासनगर हे विस्थापितांनी वसवलेले गाव. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना तिच्यातल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. घरदार गमावून आलेली माणसे आपल्याबरोबर चवी मात्र घेऊन आली. सकाळी तिथल्या रस्त्यांवर दाल-पकवानाचा दरवळ सुटतो. त्यातले पकवान मैद्याचे, म्हणून ते मला वर्ज्य. कोकी गव्हाची, तीही वर्ज्य. पण बेसनाची आंबटसर सिंधी कढी आणि भात, पालक व डाळीची साई भाजी, कमळकाकडी, हे सारे मला चालते. आमच्या कचेरीसमोर एक वयस्क सिंधी काका राहतात. दारात आलेल्याला पाण्याबरोबर पापड देण्याची त्यांची रीत. माझ्या आजाराविषयी ऐकल्यावर त्यांनी घरात विचारून मला सांगितले, "पापड उडदाचा आहे, आणि हिंग नसलेला वेगळा करून ठेवलाय." आणि मग सहज म्हणाले, "आम्ही आलो तेव्हा छावणीत जे मिळेल ते खायचो. आता कुणाला न चालणारे द्यायचे कशाला?" ज्याने एकदा ताट गमावले आहे, त्याला दुसऱ्याच्या ताटाची किंमत चटकन कळते.

अंबरनाथची गोष्ट निराळी. इथले शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहार राजवटीतले. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. ज्या गावात एरवी एखादा समोसा मला संशयाने पाहावा लागतो, त्याच गावात त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचे लाडू असा जणू माझ्यासाठीच मांडलेला बाजार असतो. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो, हिंगही बहुधा नसतो आणि श्रद्धाळू दुकानदार त्यासाठी कढईही वेगळी ठेवतो. त्या वेगळेपणासाठी मला दहा प्रश्न विचारावे लागले असते. तिथे त्याच्या व्रताने ते आधीच विचारून ठेवलेले असतात. तेव्हापासून मी कुठल्याही स्टेशनावर आधी विचारतो, "उपवासाचे काय आहे? त्याचे तेल वेगळे आहे ना?" गळ्यात क्रूस आणि तोंडी उपवासाची चौकशी हे पाहून एखादा दुकानदार बुचकळ्यात पडतो. मी कारण सांगतो, तो हसतो आणि दोन लाडू निवडून देतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेने आपल्या पोटाची राखण करावी, ही परमेश्वराची योजना मला फार लोभस वाटते.

बदलापूरला उतरले की डोंगर जवळ येतात. जूनच्या सुरुवातीला स्टेशनाबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत जांभळे घेऊन बसतात. आसपासच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकते. शहरातल्या दुकानात 'ग्लूटेनमुक्त' असा शिक्का मारून जे पीठ चौपट भावाने विकतात, ते तिथल्या मायमाऊल्या पिढ्यान्‌पिढ्या भाकरीला वापरत आल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा गरिबाच्या ताटातल्या या धान्यांना एकदम प्रतिष्ठा आली. मला त्यांची थोरवी दोन वर्षे आधीच पटली होती, आणि तीही पोटातून!

याच बदलापूरजवळ घडलेली एक घटना मला निदानानंतर वारंवार आठवली. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते. चहूबाजूंनी पाणी, अंधार आणि लहान मुलांचे रडणे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपत्ती निवारण दलाच्या जवानांनी आणि इतर पथकांनी होड्यांतून सर्वांची सुटका केली. त्याआधी मदतीला पोहोचलेल्या पोलिसांनी प्रवाशांना पाणी आणि बिस्किटे वाटली होती. ज्यांनी ती पोहोचवली त्यांचे पांग फिटणार नाहीत. परंतु आता ती आठवण आली की मनात येते, त्या डब्यात मी असतो तर दयेने पुढे केलेले ते बिस्किटही मला घेता आले नसते. म्हणून माझ्या पिशवीत बारा महिने राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाणे-गूळ, भाजलेले मखाणे आणि तांदळाच्या पोह्यांचा चिवडा असतो. पंधरा मिनिटांच्या लोकल प्रवासातही असतो. बायको थट्टेने तिला 'नोहाची पिशवी' म्हणते.

लांबच्या प्रवासाची तयारी याहून मोठी. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेलंकणी मातेच्या दर्शनाला गेलो. आमच्याच दारावरून जाणारी गाडी घाट चढून दक्षिणेला वळली आणि माझे निम्मे ओझे उतरले, कारण तांदळाचा मुलूख सुरू झाला. इडली, डोसा, भात, ताक, केळी. सांबारातल्या हिंगाची शंका असे, तेव्हा खोबऱ्याची चटणी पुरे. तमिळ येत नव्हती, पण एका कागदावर 'गोदुमै वेण्डाम', म्हणजे गहू नको, हे शब्द त्यांच्या लिपीत लिहून घेतले होते. तो कागद वाचून खानावळीतला वाढपी आत जाई, आचाऱ्याला विचारी आणि बाहेर येऊन ताटातल्या एकेका पदार्थाकडे बोट दाखवून हो किंवा नाही अशी मान हलवी. एकही शब्द समान नसताना झालेले ते संभाषण मी विसरणार नाही. कामानिमित्त दिल्लीला गेलो तेव्हा मात्र सभोवार गव्हाचे राज्य होते. मक्याच्या रोटीतही कणीक मिसळतात. सुदैवाने ते नवरात्राचे दिवस होते. कुट्टू आणि शिंगाड्याच्या पिठाच्या पुऱ्यांनी मला तारले. बंद पाकिटातले काही घेताना त्यावरचा मजकूर वाचावा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लूटेन असलेली धान्ये, दूध, भुईमूग, सोयाबीन अशा घटकांचा उल्लेख पाकिटावर करणे बंधनकारक आहे. 'ग्लूटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये.

परंतु वाचकहो, सर्वांत अवघड प्रवास वेलंकणीचा नव्हता आणि दिल्लीचाही नव्हता. तो होता अंबरनाथ ते बदलापूर, एका स्टेशनाचा, माझ्या ताईच्या घरचा.

आमची आई गेल्यापासून ताईचे घर हेच आमचे माहेर. निदानानंतर पहिल्यांदा मी तिच्याकडे गेलो तेव्हा पिशवीतून माझा डबा काढून टेबलावर ठेवला. ताईने डब्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. तिने माझ्यासाठी फुगे तळले होते, आईच्या हातचे असत तसे. ते तिने झाकून आत नेले. निघताना दारात म्हणाली, "माझ्या घरी तू डबा घेऊन येतोस? मी काय खाणावळ चालवते?" तिच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण होते. आपल्याकडे अन्न म्हणजे केवळ अन्न नव्हे. ती जिव्हाळ्याची भाषा आहे. ताट नाकारले की माणूसच नाकारल्यासारखे होते. त्या दिवशी मी तिला आजार समजावून सांगितला, पण शब्दांनी ती समजूत पुरी झाली नाही. पुढचे दोन महिने आमच्या दोघांच्या फोनवरच्या बोलण्यात एक चमत्कारिक औपचारिकपणा होता.

मग एका रविवारी तिचा फोन आला. "ये. डबा आणू नकोस." मी गेलो. तिने नवा बिडाचा तवा आणला होता, त्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता. तांदळाचे पीठ गिरणीतून न आणता घरच्या घरी दळले होते, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असतो, हे तिने आपणहून विचारून घेतले होते. पोळपाटाला हात न लावता, हातावर थापून तिने भाकरी केली. मासा तांदळाच्या पिठात घोळवून तळला. "हिंग घातलेला नाही," ती म्हणाली, "आणि चमचे वेगळे ठेवलेत." आम्ही जेवलो. आईची आठवण निघाली. तो लाल दोऱ्याचा तवा आजही तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो आणि त्यावर दुसरे काहीही भाजायला तिच्या सुनांना मनाई आहे. माझ्यासाठी जगात एक तवा राखून ठेवलेला आहे, या जाणिवेने मला औषधाहून अधिक बळ दिले आहे.

आता एका नाजूक गोष्टीविषयी लिहितो. आपल्या मिस्सेतली ओस्ती गव्हाची असते. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ९२४ व्या नियमानुसार ती केवळ गव्हाचीच असावी लागते. तेव्हा निदान झाल्यावर मला पहिली काळजी वाटली ती ताटाची नव्हे, तर वेदीची. आपल्याला त्या भोजनाला यापुढे मुकावे लागणार काय? याचे उत्तर ख्रिस्तसभेने दिलेले आहे. कार्डिनल जोसेफ रात्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २४ जुलै २००३ च्या पत्रात स्पष्ट केले की अत्यल्प ग्लूटेनची ओस्ती ग्राह्य आहे, ग्लूटेनविरहित मात्र नाही. आणि ज्याला तीही सोसत नाही त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन स्वीकारावे. २०१७ मध्ये रोमच्या उपासना मंडळाने तेच पुन्हा सांगितले. मिस्सेत ओस्तीचा एक तुकडा मुख्य चषकात टाकला जातो, म्हणून माझ्यासारख्यासाठी चषक वेगळा ठेवावा लागतो. आमच्या फादरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मिस्सेपूर्वी साक्रिस्तीत येऊन आठवण कराल ना?" तेव्हापासून वेदीवर एक लहान चषक असतो. रांगेच्या शेवटी मी उभा राहतो. सुरुवातीला लोक वळून पाहत. आता कुणी पाहत नाही. गेल्या वर्षी एका तरुण मुलीची आई मला हळूच विचारायला आली, कारण तिच्या लेकीलाही हेच निदान झाले होते. आता त्या चषकापाशी आम्ही दोघे असतो.

संत पौलाचा सोबती तीमथी हाही सतत प्रवासात असे आणि त्याचे पोट नाजूक होते. पौलाने त्याला लिहिलेल्या पत्रात धर्मोपदेशाच्या थोर थोर गोष्टींच्या मध्येच, पोटाच्या तक्रारींसाठी नुसते पाणी न पिता थोडा द्राक्षारस घेत जा, असा घरगुती सल्ला दिला आहे. मला ते पत्र त्यासाठी फार प्रिय आहे. शिष्याच्या आत्म्याची काळजी वाहणाऱ्याला त्याच्या पोटाचाही विसर पडला नाही.

आपल्या धर्मग्रामात लग्ने होतील, स्नानसंस्कार होतील, मयताच्या घरी चहा-बिस्किटे फिरतील, नाताळात नेवऱ्या आणि केक यांची ताटे घरोघरी जातील. त्या ताटांसमोर कुणी मधुमेही असेल, कुणाला दूध सोसत नसेल, कुणाला भुईमुगाच्या एका दाण्याने जीव गमावण्याचा धोका असेल, कुणी माझ्यासारखा असेल. बहुतेक जण लाजेने गप्प राहतील आणि "भूक नाही" म्हणतील. त्यांना आग्रह करू नका, आधी विचारा. ताटात एक दोदोलाची वडी ठेवा, ती तांदूळ, गूळ आणि नारळाची असते. आणि ज्यांना पथ्य आहे त्यांनी गप्प बसू नये. आपली गरज मोकळेपणाने सांगणे म्हणजे यजमानाला त्रास देणे नव्हे. आपल्यावर प्रेम कसे करावे हे त्याला कळू देणे होय. जो सांगत नाही, त्याच्यासाठी कुणी तव्याला लाल दोरा कसा बांधणार?